मुलांसह रानवाटेवर : नायगाव ते पैनगंगा

नायगाव तालुक्यातील मुलांना गोदावरीचा काठ परिचयाचा असतो. किनवट-माहूरचे सागवानी जंगल मात्र त्याच नांदेड जिल्ह्यात असूनही अनेकांनी पाहिलेले नसते. शाळेची सहल किंवा कुटुंबाची सुटी त्या दिशेने न्यावयाची असल्यास तिची आखणी देवदर्शनाच्या सहलीहून वेगळी करावी लागते. ऋतू, वनाचे नियम आणि मुलांची चाल या तीन बाबींचा विचार प्रथम व्हावयास हवा.

ऋतूची निवड

उन्हाळ्यात पाणवठे आटतात व उरलेल्या पाण्यावर वन्यप्राणी हमखास येतात. त्यामुळे मे महिन्याची सुटी अनेकांना सोयीची वाटते. परंतु या काळात मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पानगळीमुळे सागाच्या वनात सावलीही उरत नाही. अशा वेळी मुलांना पायी नेणे धोक्याचे होय. पावसाळ्यात अभयारण्ये बहुधा बंद असतात. म्हणून दिवाळीची सुटी ते जानेवारी हा काळ उत्तम. ५ ते १२ नोव्हेंबर या दिवसांत राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. मारुती चितमपल्ली व डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा हा सप्ताह शाळांना चांगली संधी देतो.

पायी कोठे, वाहनातून कोठे?

नांदेड-यवतमाळ सीमेवर पैनगंगा अभयारण्य आहे. पांढरकवड्याजवळील टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे असून तेथे वाघांचा वावर आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध आहेत. वाघांच्या क्षेत्रात वाटाड्यासह वाहनातूनच फिरावे. २०१९ मध्ये टिपेश्वरमधून निघालेला रेडिओ पट्टा लावलेला एक तरुण वाघ सुमारे पाच महिन्यांत १,३०० किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची वाट शेतशिवारांतूनही गेली होती. यास्तव अभयारण्याबाहेरील रानात पायी फिरण्यापूर्वीही स्थानिक वनकर्मचाऱ्यांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे. सहस्रकुंड धबधबा पाहताना मुलांना निसरड्या खडकांपासून दूर ठेवावे.

चाल व पूर्वतयारी

आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी सकाळचे तीन-चार किलोमीटर पुरेसे असतात. महिनाभर आधी गावाजवळील माळावर किंवा गोदाकाठी तेवढेच अंतर चालून पाहावे. त्यातून कोणाचे बूट लागतात व कोणाला लवकर थकवा येतो, हे घराजवळच कळते. पालकांची लेखी संमती घ्यावी. दहा मुलांमागे एक प्रौढ असावा आणि रांगेच्या पुढे व मागे जाणती माणसे असावीत. पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे, बंद बूट व प्रत्येकाजवळ पाणी हवे. आग्या मोहोळाखाली धूर किंवा गोंगाट करू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापू वा चोखू नये, आवळून बांधू नये. मुलाला स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व तातडीने रुग्णालय गाठावे.

काय पाहावे?

वाघ दिसेलच असे नाही. पाऊलखुणा, विष्ठा, घरटी, वारुळे व झाडांवरील नखांचे ओरखडे यांतूनही रान वाचता येते. अशा नोंदी ठेवणारी मुले गावी परतल्यावर आपल्याच शिवारातील पक्षी व झाडे ओळखू लागतात. शिक्षक व पंचायत सदस्यांनी त्या नोंदी ग्रामसभेत वाचून दाखविल्यास सहलीचा लाभ साऱ्या गावाला मिळेल.