रुंदी वाढली, वाट हरवली

पत्रादेवीच्या ज्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींनी गोळ्या झेलल्या, तेथूनच राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ गोव्यात प्रवेश करतो. पूर्वीचा हा १७ क्रमांकाचा दुपदरी रस्ता पेडणे तालुक्यात आता चौपदरी झाला, त्याचे आम्ही स्वागतच करतो. तथापि रस्ता रुंद झाला म्हणजे वाहतूक वेगळी झाली, हा समज आम्हांस मान्य नाही.

केरळकडे निघालेला अवजड ट्रक, मुंबईची रात्रबस आणि मोपाचे विमान गाठू पाहणारी टॅक्सी यांना कोठेही थांबायचे नसते. धारगळच्या शेतकऱ्याला, सायकलवरच्या पोदेराला आणि शाळकरी पोरांना मात्र हाच रस्ता दिवसातून चारदा ओलांडायचा असतो. दुभाजक दोन दिशा वेगळ्या करतो. दोन वेग वेगळे करीत नाही. समोरच्या वाड्यावर जाण्यासाठी लांबचा वळसा पडला, की स्कूटरवाला उलट दिशेने येणारच. त्याला दंड करणे सोपे आहे, सलग सेवारस्ता देणे तेवढे सोपे नसावे!

डिचोलीने याची किंमत फार पूर्वी मोजली आहे. २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत खनिजाच्या ट्रकांच्या रांगा गावच्या रस्त्यांवरूनच मांडवीकाठच्या धक्क्यांकडे जात; धूळ घराघरांत आणि भीती आईबापांच्या मनात. खनिजासाठी स्वतंत्र मार्ग हवा, हे तेव्हा सर्वांस पटत होते. २०२४ साली खाण पुन्हा सुरू झाली, तरी गावांतून होणाऱ्या वाहतुकीचा वाद मिटला नाही. धंदा आधी आणि वाट मागाहून, हाच क्रम!

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, तेव्हा त्यावर दुचाकींना मज्जाव करता आला, कारण घाटातला तुकडा सोडल्यास जुना रस्ता स्थानिकांसाठी शिल्लक होता. पेडण्यात बहुतेक ठिकाणी जुनाच रस्ता महामार्गाने गिळला. मोपा विमानतळाला २०२४ साली स्वतंत्र जोडरस्ता मिळाला; ही तत्परता गावकऱ्यांच्या वाट्यालाही यावी.

पत्रादेवीपासून कोलवाळपर्यंत सेवारस्ता कोठे तुटतो, भुयारी मार्ग कोठे हवा आणि बसथांबा मुख्य रस्त्यावरून कोठे हलवावा, याचा नकाशा सरकारने पंचायतींपुढे ठेवावा. रस्ता कोठे ओलांडला जातो, हे ग्रामसभेतल्या म्हाताऱ्या बायांना सल्लागार अभियंत्यांपेक्षा अधिक ठाऊक आहे. पावसाळ्यापूर्वी त्यांना विचारावे.