परदेशात ड्रोन नेताय? जाताना, उडवताना आणि परत आणताना कायदे वेगवेगळे आहेत

उमराहचा सफर असो, आखाती देशात नोकरी करणाऱ्या भावाकडे जाणं असो की तुर्कस्तानची सहल, आजकाल आपल्या छत्रपती संभाजीनगरातली (औरंगाबाद) तरुण मंडळी बॅगेत छोटा ड्रोनही ठेवतात. लग्नाच्या शूटिंगसाठी घेतलेला असतो, वरून व्हिडिओ छान येतो. उलटही होतं. दुबईहून येणाऱ्या मामूंना घरून फर्माईश जाते, 'येताना एक ड्रोन घेऊन या, तिथे स्वस्त मिळतो.' या दोन्ही गोष्टींत माणूस अडकू शकतो, आणि बहुतेकांना ते विमानतळावर पोहोचल्यावरच कळतं. म्हणून आम्ही हा विषय जरा सोपा करून मांडत आहोत.

मुळात लक्षात ठेवायचं ते एवढंच: ड्रोनच्या वाटेत तीन दारं आहेत. विमानात चढताना एक, त्या देशात उडवताना दुसरं आणि भारतात परत येताना तिसरं. एका दारावर 'जाऊ द्या' म्हटलं म्हणजे पुढचं दार उघडं आहे असं नाही.

पहिलं दार: विमान

इथे प्रश्न ड्रोनचा कमी, बॅटरीचा जास्त. लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून सुटी बॅटरी चेक-इन सामानात टाकता येत नाही, ती हातातल्या बॅगेतच लागते. मर्यादा वॉट-तासांत मोजतात. हिशोब सोपा आहे: व्होल्टला अँपिअर-तासाने गुणायचं. बॅटरीवर 11.4 व्होल्ट आणि 5000 एमएएच लिहिलं असेल तर 11.4 गुणिले 5, म्हणजे 57 वॉट-तास. 100 पर्यंत साधारण अडचण नसते. 100 ते 160 असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. 160 च्या वर प्रवासी विमानात मनाई आहे. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. ड्रोन हातातल्या बॅगेत चालेल की नाही, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, तिकीट काढतानाच विचारून घ्यावं.

दुसरं दार: त्या देशाचा कायदा

आखाती देश ड्रोनबाबत एवढे कडक का, हे समजून घ्यायला हवं. 14 सप्टेंबर 2019 रोजी सौदी अरेबियातल्या अबकैक आणि खुरैस इथल्या तेल केंद्रांवर ड्रोनने हल्ला झाला. 17 जानेवारी 2022 ला अबू धाबीवर झालेल्या हल्ल्यात तिघे मेले. त्यात दोन भारतीय आणि एक पाकिस्तानी, म्हणजे पोटापाण्यासाठी गेलेली आपल्यासारखीच माणसं होती. त्यानंतर काही दिवसांतच संयुक्त अरब अमिरातीने हौशी ड्रोनवर बंदी घातली. नोव्हेंबर 2024 पासून ती टप्प्याटप्प्याने सैल होऊ लागली, पण नोंदणी आणि परवानगीच्या अटीवरच. तिथल्या सुरक्षा यंत्रणेला आकाशातलं खेळणं कोणतं आणि हत्यार कोणतं, हे खालून ओळखू येत नाही.

सौदीत हे खातं जीएसीए, म्हणजे तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाकडे आहे. त्यांची परवानगी नसेल तर ड्रोन कस्टम्सवरच अडू शकतो. एप्रिल 2018 मध्ये रियाधच्या खुजामा भागात सुरक्षा दलाने एक खेळण्यातला ड्रोन गोळ्या घालून पाडला होता. तेव्हा हरम शरीफ किंवा मस्जिद-ए-नबवीच्या आसपास ड्रोन उडवण्याचा विचारही मनात आणू नये. इबादतीसाठी गेलेल्या माणसाने ठाण्यात बसून जबाब द्यायचा का?

आता इतर देश पाहू. इजिप्तमध्ये (मिस्र) 2017 च्या कायद्याने संरक्षण खात्याच्या मंजुरीशिवाय ड्रोन बाळगणंही गुन्हा आहे, शिक्षा तुरुंगाची आहे. मोरोक्कोत परवान्याशिवाय आणलेला ड्रोन विमानतळावर ठेवून घेतात. इराणमध्ये 2020 साली बेंजामिन ब्रिएर नावाचा फ्रेंच पर्यटक ड्रोन उडवल्यावरून पकडला गेला. त्याच्यावर हेरगिरीचा आरोप लागला, जानेवारी 2022 मध्ये 8 वर्षं 8 महिन्यांची शिक्षा झाली आणि मे 2023 मध्ये सुटका झाली. म्हणजे तीन वर्षं गेली.

तुर्कस्तानात 500 ग्रॅम आणि त्यावरील ड्रोनची नोंदणी लागते. युरोपीय संघाच्या देशांत ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला असला तरी त्यावर कॅमेरा असेल तर चालवणाऱ्याची नोंदणी करावी लागते. उंची 120 मीटरच्या आत आणि ड्रोन सतत नजरेसमोर, हा तिथला साधा नियम.

तिसरं दार: घरवापसी

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. 9 फेब्रुवारी 2022 पासून भारत सरकारने तयार ड्रोनची आयात बंद केली आहे. सुटे भाग आणून इथे जोडायचे, तर जुळणीचे संचही बंद आहेत. सवलत संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा या कामांपुरती, तीही मंजुरी घेऊन. त्यामुळे 'ड्यूटी भरतो, सोडा' हे इथे चालत नाही. माल जप्त होतो, वर दंड होऊ शकतो. कस्टम्सच्या जाहीरनाम्याच्या फॉर्मवरही ड्रोनचा वेगळा उल्लेख आहे. मामूंना फर्माईश करण्याआधी एवढं ध्यानात ठेवा. कुणाचं तरी पार्सल म्हणून दिलेला ड्रोनही आणू नका, पकडला जाईल तो ज्याच्या बॅगेत आहे तोच.

इथून स्वतःचा ड्रोन नेत असाल तर जाताना भारतीय कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. त्यात ड्रोनचा अनुक्रमांक नोंदवलेला असावा. खरेदीची पावती आणि डीजीसीएच्या नोंदणीचा क्रमांक जवळ ठेवा. परत येताना 'हा इथूनच नेला होता' हे सिद्ध करायला तोंडी सांगून भागत नाही. या कामाला वेळ लागतो, विमानतळावर लवकर पोहोचा.

निघण्याआधी

जिथे जायचं आणि जिथे वाटेत उतरून सामान घ्यायचं, त्या सगळ्या देशांच्या विमान प्राधिकरणाचे नियम त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा. नियम बदलत राहतात, म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या भरवशावर राहू नका. शंका असेल तर वकिलातीला ईमेल करा आणि उत्तर छापून सोबत ठेवा. टूरवाल्याने 'काही होत नाही, घेऊन चला' म्हटलं तरी ती सरकारी इजाजत नव्हे. अडचण आली तर सही तुमची आणि पासपोर्टही तुमचाच असतो.

आखातात नोकरीवर असलेल्यांनी तर जास्तच जपावं. तुमची नोकरी आणि इकामा दोन्ही धोक्यात येतात, आणि त्या पगारावर इथे अख्खं घर चालत असतं.

परवानगीचा कागद हातात नसेल तर ड्रोन घरीच ठेवा. आठवणीसाठी मोबाइलचा कॅमेरा पुरेसा आहे, आणि तोही जिथे परवानगी असेल तिथेच काढा.