संकेतस्थळ आणि जाहिरातींचे उत्पन्न

किकवीवरून जाणाऱ्या पुणे-सातारा हमरस्त्यावर ज्याचा चहा चांगला, त्याच्याच दारी गाडी दुसऱ्यांदा थांबते. संकेतस्थळाचेही तसेच आहे. लेख लिहून जाहिरातींवर पैसा मिळतो काय, असे विद्यार्थी आम्हांस विचारितात. म्हणून हे चार शब्द.

प्रथम स्थळाचे नाव नोंदवून त्यासाठी संगणकावरील जागा भाड्याने घ्यावी लागते. पुढे मध्यस्थ कंपनी जाहिराती पुरविते. २००३ साली निघालेली गूगलची ‘अ‍ॅडसेन्स’ ही अशीच योजना होय. तीत जाहिरातींच्या उत्पन्नापैकी सुमारे ६८ टक्के भाग स्थळचालकास मिळतो. तथापि १०० डॉलर साठल्यावाचून रक्कम हाती पडत नाही. वाचक थोडे असल्यास त्यास पुष्कळ महिने लागतात.

खातेदाराचे वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते. सबब विद्यार्थ्याचे खाते पालकांच्या नावे उघडावे लागेल. म्हणून आपल्या नावावर काय छापिले जाते, हे पालकांनी अवश्य पाहावे. स्वतःच्याच जाहिरातींवर कळ दाबणे ही लबाडी होय. तीमुळे खाते बंद होऊ शकते.

‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ १९९६ साली, म्हणजे या योजनेच्या सात वर्षे आधी निघाले. आधी वाचक जमले पाहिजेत, जाहिरात मागून येते, हाच यातील बोध. सबब मुलांनो, दुसऱ्याचे लेख उचलू नका. आपल्या खाचरांतील भातलावणी, राजगडाची वाट, जे स्वतः पाहिले तेच नीट लिहा. अभ्यास मात्र सोडू नका. उत्पन्नाचा भरवसा नाही, विद्येचा आहे.