रेघ सुधारायची तर आधी वाचता यायला हवी

लोखंडी फाटकाला रंगाचा पहिला हात लागण्याआधी त्याचे सांधे जवळून पाहिले, तर दोन पट्ट्यांच्या मध्ये माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली रेघ दिसते. वेल्डिंगच्या इंग्रजी परिभाषेत तिला बीड म्हणतात. मराठीत मात्र बीड म्हणजे ओतीव लोखंड, आणि त्याचेही वेल्डिंग होतेच; म्हणून घोटाळा टाळण्यासाठी इथे तिला रेघच म्हणू. ही रेघ कुठे सरळ आणि एकसारखी असते, कुठे गुठळ्यागुठळ्यांची, कुठे दोन्ही कडांना उंदराने कुरतडल्यासारखी. नवशिक्याची रेघ बिघडली की कारण ठरलेले असते : हात बसलेला नाही. उपायही ठरलेला : रोज रॉड जाळत राहा, हात आपोआप बसेल. हा सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. एकच चूक रोज गिरवली तर हाताला तीच वळण लावते. रेघ सुधारते ती तिच्याकडे पाहायला शिकल्यावर. रॉडमधून त्या क्षणी किती प्रवाह जात होता, त्याचे टोक पत्र्यापासून किती दूर होते आणि हात किती वेगाने सरकत होता, हे सगळे त्या रेघेत मिलिमीटरगणिक गोठून राहिलेले असते. ही नोंद ज्याला वाचता येते, त्याला पुढच्या रॉडला नेमके काय बदलायचे ते कळते.

रॉड पत्र्यावर घासून किंचित उचलला की मधल्या फटीतून वीज वाहू लागते. या आर्कचे तापमान ५,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि साधे पोलाद १,५०० अंशांच्या आसपास वितळते. म्हणजे वितळवणे ही अडचण कधीच नव्हती. रशियात निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी १८८८ मध्ये धातूचाच रॉड वापरून वेल्डिंग करून दाखवले होते. पण उघड्या तारेने भरलेला सांधा ठिसूळ निघे, कारण वितळलेले लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेते. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तारेवर खनिजांचा लेप चढवला आणि हा प्रश्न सुटायला सुरुवात झाली. लेपाचा काही भाग जळून वायूचे पांघरूण घालतो, बाकीचा वितळून धातूवर तरंगतो आणि थंड होताना काचेसारखा स्लॅग बनतो. फॅब्रिकेशनच्या दुकानांत सर्रास दिसणाऱ्या ६०१३ या रॉडच्या लेपात मुख्यतः रुटाइल, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतले इल्मेनाइट हेही टायटॅनियमचेच, पण लोहयुक्त खनिज. रुटाइलमुळे आर्क शांत राहतो आणि स्लॅग सहज सुटून येतो. नवशिक्याच्या हातात बहुधा हाच रॉड दिला जातो त्याचे कारण हे.

आता आर्कच्या खाली काय घडते ते पाहू. तिथे वितळलेल्या धातूचे नखाएवढे डबके तयार होते आणि रॉडबरोबर पुढे सरकते. पुढच्या बाजूला ते पत्रा वितळवत जाते, मागच्या बाजूला गोठत येते. हे गोठणे अखंड होत नाही, थबकत थबकत होते, आणि प्रत्येक थबकण्याची एक लाट मागे उरते. आपल्याला दिसणारी खवली म्हणजे डबक्याच्या मागच्या काठाच्या या खुणा. हात सावकाश चालला तर डबके गोलसर राहते आणि लाटाही गोलसर उमटतात. हात घाईत असेल तर डबके मागे लांबते आणि लाटा बाणाच्या टोकासारख्या निमुळत्या होतात. म्हणूनच पाहण्याची जागा महत्त्वाची ठरते. नवशिक्याची नजर आपोआप सर्वांत झगझगीत बिंदूवर, आर्कवरच खिळते. पण आर्क फक्त उष्णता कुठे पडते आहे ते सांगतो. रेघ घडते ती त्याच्या मागे. १० किंवा ११ नंबरच्या काचेतून नजर थोडी मागे सरकवली की डबक्याचा काठ दिसतो, आणि दुधावर साय धरावी तसा मागून पसरत येणारा स्लॅगही. हे दिसू लागले की दुरुस्ती रॉड विझल्यावर नाही, रॉड जळत असतानाच करता येते.

डबक्यावर ताबा ठेवणाऱ्या गोष्टींपैकी पहिली म्हणजे प्रवाह. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला साधारण ९० ते १४० अँपिअर लागतात, २.५ मिलिमीटरच्या रॉडला ६० ते ९५. प्रवाह कमी पडला तर रॉड चिकटतो, आणि धातू पत्र्यात मुरण्याऐवजी वर दोरीसारखा बसून राहतो. प्रवाह जास्त झाला तर रॉड लालबुंद होतो, ठिणग्या उडतात, आणि पत्र्याची कड वितळून भरायच्या आधीच गोठते. तिथे जी खाच राहते तिला अंडरकट म्हणतात. दुसरी गोष्ट अंतर. रॉडच्या तारेचा जितका व्यास, साधारण तितकीच आर्कची लांबी, असा ढोबळ नियम आहे. वेल्डिंग मशीन प्रवाह जवळपास स्थिर ठेवेल अशी बनवलेली असते. रॉड वर उचलला की प्रवाह थोडाच घटतो, पण व्होल्टेज वाढते. आर्क पसरतो, त्याचा नेम चुकतो, थेंब वाटेतच भरकटतात आणि वायूच्या पांघरुणात हवा शिरते. त्यातून रुंद, चपटी, शिंतोड्यांनी भरलेली आणि कधी बारीक छिद्रांची रेघ येते. इथली खरी मेख ही, की रॉड सतत आखूड होत असतो. हाताला एकाच वेळी पुढे जायचे असते आणि खाली उतरायचे असते. रेघ सुरुवातीला नीट आणि शेवटाकडे पसरट झाली असेल, तर हात पुढे गेला पण पुरेसा खाली उतरला नाही, हे तिच्यावरूनच कळते.

तिसरी गोष्ट वेग. तो डोळ्यांना अदमासाने कळतो, पण साध्या फुटपट्टीनेही मोजता येतो. ३.१५ मिलिमीटर तारेचा छेद सुमारे ७.८ चौरस मिलिमीटर. ३५० मिलिमीटरच्या रॉडमधला होल्डरजवळचा ५० मिलिमीटरचा तुकडा सोडला, तर उरलेल्या तारेत साधारण २,३०० घनमिलिमीटर धातू असतो. शिंतोड्यांत थोडा जातो, तो तूर्त बाजूला ठेवू. हा धातू २३० मिलिमीटर लांब पसरला तर रेघेचा छेद १० चौरस मिलिमीटर भरतो. तोच रॉड १५० मिलिमीटरमध्ये संपवला तर तो १५च्या वर जातो. म्हणजे एका रॉडची रेघ मोजली की हाताच्या वेगाचा हिशेब हातात येतो. उष्णतेचेही तेच. २५ व्होल्ट आणि ११० अँपिअर म्हणजे सेकंदाला २,७५० ज्यूल. हात मिनिटाला २०० मिलिमीटर चालला तर प्रत्येक मिलिमीटरच्या वाट्याला ८२५ ज्यूल येतात. १३० मिलिमीटर चालला तर जवळपास १,२७०. त्यातला काही भाग हवेत जातो, तरी फरक तेवढाच राहतो. मशीनची कळ न फिरवता नुसत्या रेंगाळण्याने सांध्यात दीडपट उष्णता ओतली जाते. पातळ पत्र्याला भोक पडते आणि चौकट वाकते, ती बरेचदा यामुळेच.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की सुंदर रेघ तर हात फिरवण्यातून येते. कोणी चंद्रकोर काढतो, कोणी आठचा आकडा, आणि खवली त्यातूनच उमटतात. पण सपाट पत्र्यावरच्या अरुंद सांध्यासाठी हे सगळे लागत नाही. रॉडचा वरचा भाग जाण्याच्या दिशेकडे १० ते १५ अंश कलवून नुसता सरळ ओढला तरी खवली पडतात, कारण ती डबक्याच्या गोठण्यातून येतात. उलट नक्षीच्या नादात कुठे जास्त उष्णता पडते, कुठे कमी, आणि पुढे धावलेला स्लॅग रेघेच्या पोटात अडकतो. उभ्या सांध्यात खालून वर जाताना मात्र हात हलवावाच लागतो. वितळलेल्या लोखंडाचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे पंचवीसपट असतो, म्हणून लहान डबके उभ्या भिंतीवरही तग धरते. पण ते फुगले की ओघळते. दोन्ही कडांना क्षणभर थांबायचे आणि मधून झटकन जायचे, हे तिथे नक्षीसाठी नसते. कडांच्या खाचा भराव्यात आणि मधल्या डबक्याला गोठायला वेळ मिळावा, यासाठी असते. म्हणजे इथेही हालचाल ठरवते ते डबकेच.

दुसरा आक्षेप मशीनकडे बोट दाखवणारा, आणि त्यात तथ्य आहे. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरले की जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनचा प्रवाह खाली येतो; कळ तीच असते, रेघ बदलते. शिवाय एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि दर वेळी आर्कला पुन्हा पेटावे लागते. ६०१३च्या लेपात त्यासाठी सोय असते, पण ७०१८सारखे काही रॉड साध्या मशीनवर कुरकुरतात. इन्व्हर्टर मशीनने हे त्रास बरेच कमी केले. तरी रॉडची उंची आणि हाताचा वेग कुठलेच मशीन सांभाळत नाही. आणि मशीनवर ठपका ठेवायचा तरी रेघच वाचावी लागते : संपूर्ण रेघ एकसारखी बिघडली असेल तर दोष बहुधा प्रवाहात किंवा रॉडमध्ये, जागोजागी बदलत असेल तर बहुधा हातात.

सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा. देखणी रेघ म्हणजे मजबूत सांधा, असे कोण म्हणते? खरोखरच कोणी म्हणू नये. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड इथे ‘स्केनेक्टडी’ हे वेल्डिंगने जोडलेले नवे तेलवाहू जहाज धक्क्याला, शांत पाण्यात उभे असताना दुभंगले. काही वेल्ड सदोष होतेच. पण युद्धकाळात अशी अनेक जहाजे तडकली, त्यामागे थंडीत ठिसूळ होणारे पोलाद हे मोठे कारण असल्याचे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. रेघ कितीही सुबक असली तरी हे सांगू शकली नसती. दमट ७०१८ रॉडमधून पोलादात शिरणारा हायड्रोजनही वरून दिसत नाही, आणि त्याने पडणारी भेग काही तासांनी, कधी दिवसांनीही उघडी पडते. तरीही यातून रेघेचे रूप बिनमहत्त्वाचे ठरत नाही. तिची साक्ष एकतर्फी आहे, एवढेच ठरते. ताप नाही म्हणून माणूस निरोगी असेलच असे नाही. पण ताप आहे म्हणजे काहीतरी बिघडले आहे हे नक्की. अंडरकटच्या खाचेत ताण एकवटतो आणि वारंवार हादरे सोसणाऱ्या सांध्याची भेग बहुधा रेघेच्या काठापासूनच सुरू होते. म्हणूनच आयएसओ ५८१७ या मानकाच्या सर्वांत कडक पातळीत ३ मिलिमीटरहून जाड धातूवर अंडरकट फार तर अर्धा मिलिमीटर चालतो, आणि एक्स-रे वा अल्ट्रासोनिक तपासणीच्या आधी सांधा डोळ्यांनी पाहिला जातो.

तेव्हा सराव करायचा तो या साक्षीला धरून. भंगारातल्या जाड पट्टीवर एका वेळी एकच गोष्ट बदलून रेघा ओढाव्यात आणि प्रत्येकीशेजारी खडूने अँपिअर व लांबी लिहावी. मग एखाद्या कोपऱ्याच्या सांध्याला एकाच बाजूने रेघ मारून तो हातोड्याने उलटा मोडावा, म्हणजे वरून छान दिसणारी रेघ मुळापर्यंत पोहोचली होती का तेही कळेल. यात रॉड तितकेच जळतात, फक्त प्रत्येक रॉड एका प्रश्नाचे उत्तर देऊन जातो. ग्रायंडरने रेघ घासून टाकण्याची सवय शिकणाऱ्याला सर्वांत महाग पडते ती इथेच. गिऱ्हाइकाला गुळगुळीत सांधा हवा असेल तर तो जरूर घासावा. पण आधी स्लॅग झाडून, ब्रश मारून रेघ एकदा नीट पाहावी. चाक फिरल्यावर गुठळी जाते, आणि ती का आली होती हे सांगणारी खूणही.