औषध घातलं, पण मोजलं का?

विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकून तुम्ही कितीदा वैतागला असाल, मोजदाद नाही. पण त्याच गणेशखिंड रस्त्यावर मधमाश्यांसाठी एक अख्खी संस्था आहे, हे कधी लक्षात आलंय? केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था. १९६२ पासून इथेच आहे. मलाही तीन वर्षं पुण्यात राहून याचा पत्ता नव्हता. पत्ता लागला तो मैत्रिणीच्या काकांमुळे.

काका मधपाळ आहेत. इंदापूरकडे डाळिंबाच्या बागांमध्ये ते मधपेट्या भाड्याने लावतात. फुलं आली की बागायतदार पेट्या मागतो, माशा परागीभवन करतात, फळ चांगलं धरतं. मागच्या हंगामात मात्र त्यांच्या पेट्यांसमोर चुरगळलेल्या पंखांच्या माशा जमिनीवर रांगताना दिसायला लागल्या. औषधाच्या पट्ट्या लावलेल्या होत्या. दरवर्षी लावतात त्याच. तरीही काही पेट्या रिकाम्या झाल्या. काकांचा प्रश्न साधा होता : औषध तर घातलं, मग झालं काय?

व्हिलन कोण?

त्याचं नाव व्हरोआ. शेतीच्या पुस्तकात अशा जिवांना ‘कोळी’ म्हणतात, मधपाळ सरळ ‘माइट’ म्हणतात. लालसर तपकिरी, आठ पायांचा आणि आकाराने जेमतेम दीड मिलिमीटर. छोटा वाटतो ना? पण माशीच्या मानाने बघा. तुमच्या अंगावर जेवणाच्या ताटाएवढी गोचीड चिकटली, तर जसं होईल तसं.

माइटची मादी माशीच्या अळीच्या घरात शिरते. कामकरी माशा त्या घराला मेणाचं झाकण लावतात आणि आत माइटची अंडी घालणं सुरू होतं. ती आणि तिची पिल्लं वाढत्या माशीला खातात, वर पंख चुरगळणारा विषाणूही देऊन जातात. माशी बाहेर येते ती अशक्त होऊन.

आता गंमत बघा. हा माइट मुळात आपल्या आशियाई मधमाशीचा, म्हणजे सातेरीचा जुना भाडेकरू. दोघांचं हजारो वर्षांचं नातं. सातेरीच्या पोळ्यात त्याची वीण जवळपास फक्त नर माश्यांच्या घरांतच होते. कामकरी माशा एकमेकींच्या अंगावरचे माइट साफ करतात, बाधलेली अळी उचलून फेकतात. त्यामुळे सातेरीच्या पेटीत व्हरोआसाठी औषध घालायची वेळ सहसा येत नाही.

प्रॉब्लेम झाला युरोपियन मेलिफेरा माशीचा. ही माशी मध कितीतरी जास्त देते, म्हणून भारतात तिचं पालन १९६०च्या दशकात सुरू झालं. काकांच्या पेट्यांतही तीच आहे. पण व्हरोआशी तिची ओळखच नव्हती. तो तिच्या कामकरी माश्यांच्या घरांतही वाढतो, आणि अशी घरं एका पोळ्यात हजारो असतात. मग औषधाशिवाय मधपाळाला पर्याय उरत नाही.

माइट ‘सवय’ लावून घेत नाही

व्हरोआवरचं एक गाजलेलं औषध म्हणजे फ्लुव्हॅलिनेट. हॉस्टेलच्या रूममध्ये डासांसाठी जे लिक्विड लावता, त्यातलं रसायन सहसा याच पायरेथ्रॉइड कुळातलं. नसांमधून संदेश जाताना काही सूक्ष्म दारं उघडतात आणि बंद होतात. हे औषध ती दारं उघडीच अडकवून ठेवतं. माइट लुळा पडतो आणि मरतो.

आपण पटकन म्हणतो, ‘किडीला औषधाची सवय झाली.’ तसं नसतं. समजा, पेटीत हजार माइट आहेत. त्यातल्या पाच-दहांच्या त्या दारात जन्मतःच एक बारीकसा बदल आहे, त्यामुळे औषध तिथे नीट बसतच नाही. पट्टी लावली. ९९० मेले, दहा वाचले. पुढची पिढी कोणाची? त्या दहांची. पुढच्या वर्षी पुन्हा तीच पट्टी. माइट काहीच शिकला नाही, निवड आपणच केली!

त्यात माइटच्या घरचा कारभार आणखी वेगळा. बंद घरात बऱ्याचदा एकाच आईची पिल्लं असतात आणि त्यांचं मीलन तिथेच, आपसात होतं. त्यामुळे असा बदल एकदा आला, की कुळात झपाट्याने पक्का होतो.

हे फक्त पुस्तकात नाही. इटलीत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच फ्लुव्हॅलिनेटला न जुमानणारे माइट सापडले. दशक संपेपर्यंत अमेरिकेतही तेच. मग दुसरं औषध आलं, कुमाफॉस. तेही काही वर्षांत अनेक ठिकाणी निकामी. मग सगळी भिस्त अमिट्राझवर. गाई-म्हशींच्या गोचिडांवर वापरतात, तेच. २०२४-२५च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या व्यावसायिक मधपाळांच्या निम्म्याहून जास्त वसाहती गेल्या. शास्त्रज्ञांनी त्या पेट्या तपासल्या, तेव्हा माश्यांमध्ये विषाणू सापडले आणि माइटमध्ये अमिट्राझला दाद न देणारा जनुकीय बदल.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, औषध बदलत राहायचं. बदल म्हणजे दुकानात दुसऱ्या कंपनीचं नाव मागणं नव्हे. आतलं रसायन वेगळ्या कुळातलं हवं. काही ठिकाणी औषध काही वर्षं थांबवल्यावर दाद न देणाऱ्या माइटचं प्रमाण कमी झालेलंही दिसलंय.

दुसरी गोष्ट, आपल्या ओळखीची रसायनं. ओव्यातलं थायमॉल, मुंगीच्या विषातलं फॉर्मिक आम्ल, पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल. ही वेगळ्या तऱ्हेने काम करतात. पण ओळखीची म्हणून साधी समजू नका. ही आम्लं हातमोज्यांशिवाय हाताळायची नाहीत. फॉर्मिक आम्ल झाकणाखालच्या माइटलाही मारतं, पण एप्रिलच्या उन्हात त्याची वाफ माश्या आणि राणीच्याही जिवावर उठू शकते. ऑक्झॅलिक झाकणाखाली पोचत नाही, आणि आपल्याकडे पेटीत जवळपास वर्षभर अळ्या असतात. जादूची कांडी कुठेच नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त : मोजणं. त्यासाठी लागते जाळीचं झाकण असलेली बरणी आणि पिठीसाखर. अळ्यांच्या चौकटीवरून अर्धा कप माशा, म्हणजे साधारण ३००, बरणीत घ्यायच्या. राणी त्यात नाही ना, हे आधी बघायचं. दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी हळूच फिरवायची आणि एक-दोन मिनिटं थांबायचं. साखरेमुळे माइटची पकड सुटते. मग बरणी पांढऱ्या ताटावर उलटी धरून हलवायची. साखरेत लाल ठिपके दिसतात, ते मोजायचे आणि तीनने भागायचे. शंभर माश्यांमागे दोन-तीन माइट निघाले, तर सावध व्हायचं. माशा मरत नाहीत. पेटीत परत सोडल्या की बाकीच्या त्यांना चाटून साफ करतात.

खरी गोम पुढे आहे. औषधाचा कालावधी संपला की पुन्हा मोजायचं. आकडा धाडकन खाली आला, तर औषध चाललं. नाही आला, तर पुढच्या वेळी तेच लावण्यात अर्थ नाही.

काकांचं नेमकं इथे अडलं होतं. पट्टी जुनी होती का, चुकीची लावली होती का, शेजारच्या पेट्यांमधून माइट आले का, की माइटच दाद देईनासे झाले? चारही कारणांचा शेवट एकच, रिकामी पेटी. काकांनी आधीही मोजलं नव्हतं आणि नंतरही नाही, त्यामुळे उत्तर मिळण्याची सोयच नव्हती.

आपण तरी वेगळं काय करतो? ताप उतरला की अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडतो. पुढच्या वेळी डॉक्टरांना न विचारता त्याच उरलेल्या गोळ्या घेतो. किडीचं नाव बदला, गोष्ट तीच.

मागच्या रविवारी मैत्रिणीने काकांना बरणी आणि जाळी नेऊन दिली. पिठीसाखर काकूंच्या डब्यातून निघाली. या हंगामात पट्टी लागेल, पण मोजून झाल्यावर.