दगड कापताना उडणारे तेलाचे धुके

विंचूर, निफाड, लासलगाव या पट्ट्यातल्या द्राक्ष बागाईतदाराला फवाऱ्याच्या थेंबाचे गणित वेगळे शिकवावे लागत नाही. थेंब मोठा असेल तर तो पानावरून ओघळतो. बारीक असेल तर पानाच्या मागच्या बाजूलाही पोचतो, पण वारा असला की शेजारच्या बागेत जातो. म्हणून नोझल पाहून निवडली जाते आणि वारा पडल्यावरच फवारणी होते. दगड कापणाऱ्या करवतीपाशी तेलाचे जे धुके तयार होते, त्याचेही गणित असेच आहे. फक्त इथे बारीक थेंब जातात ते करवतीजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसांत.

या बागा ज्या काळ्या पाषाणावर उभ्या आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातून खनिजे साठत गेली. विहीर खोदताना किंवा खाणीत सुरुंग लावल्यावर या पोकळ्या उघड्या पडतात. नाशिक जिल्ह्यातली झिओलाइट गटातली खनिजे जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातही अशी खनिजे पाहायला मिळतात. झिओलाइटचे नाजूक स्फटिक सहसा आहेत तसेच जपतात. पण अशाच पोकळ्यांत तयार होणारे अकीक आणि गारगोटीचे गोटे बाहेरून ओबडधोबड दिसतात. त्यांच्या आतले पट्टे आणि रंग पाहायचे, तर गोटा कापावाच लागतो.

कडक गारगोटीपुढे लाकूडकामाची दातेरी करवत टिकत नाही. त्यासाठी कडेला हिऱ्याचे बारीक कण बसवलेली पोलादी चकती वापरतात. ती दगड घासत घासत खाच पाडते. घर्षणाची उष्णता काढून घ्यायला आणि खाचेतला भुगा बाहेर आणायला तेल लागते. चकतीची खालची कड तेलाच्या टाकीत बुडालेली असते आणि फिरता फिरता ती तेल वर नेते. दहा इंचांची चकती मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर तिच्या कडेचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगाने भिरकावलेले तेल झाकणावर आणि दगडावर आदळून फुटते आणि त्याचे बारीक थेंब होतात. शिवाय हिरा आणि दगड जिथे घासतात तिथे तेल तापते, त्याची थोडी वाफ होते आणि ती थंड होताना आणखी बारीक थेंब जन्माला येतात.

दिसते ते कमी धोक्याचे

कपड्यांवर आणि भिंतीवर पडणारे तेलाचे डाग मोठ्या थेंबांचे असतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे १०० मायक्रॉनचा थेंब छातीच्या उंचीवरून काही सेकंदांत खाली पडतो. १० मायक्रॉनच्या थेंबाला, हवा अगदी शांत असली तरी, सुमारे दहा मिनिटे लागतात. एक मायक्रॉनचा थेंब मात्र बारा-चौदा तास तरंगू शकतो. फुप्फुसांच्या खोल भागापर्यंत पोचतात ते हेच शेवटचे थेंब. म्हणजे करवत बंद केली, डाग पुसले आणि जागा स्वच्छ दिसू लागली, तरी हवा स्वच्छ झालेली नसते.

अमेरिकेच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी खनिज तेलाच्या धुक्याची मर्यादा घनमीटरमागे पाच मिलिग्रॅम आहे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीचा हिशेब केला, तर ही मर्यादा गाठायला तेलाचे जेमतेम तीन-चार थेंब पुरतात. ते बारीक होऊन हवेत पसरले की झाले.

असे धुके रोज श्वासात गेले तर घसा खवखवणे, खोकला आणि छातीत जड वाटणे असे त्रास होतात. तेल मोठ्या प्रमाणात फुप्फुसांत गेले तर ते तिथून सहज निघत नाही आणि त्यातून न्यूमोनियाचा एक वेगळा प्रकार होऊ शकतो. हातांवर सतत तेल राहिल्याने केसांच्या मुळांशी पुटकुळ्या येतात, त्वचा कोरडी पडते, फुटते. तेल कोणते आहे यालाही महत्त्व आहे. नीट शुद्ध न केलेली खनिज तेले जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहेत. पूर्णपणे शुद्ध केलेली तेले त्या गटात नाहीत.

अकीक कापताना दुसरी एक गोष्ट तेलाच्या आडून येते. अकीक आणि गारगोटी म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. कापताना निघालेला भुगा टाकीतल्या तेलात मिसळतो आणि मग उडणाऱ्या प्रत्येक थेंबाबरोबर सिलिकाचे कण हवेत जाऊ शकतात. सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. फुप्फुसांत व्रण पडत जातात, दम लागतो आणि क्षयरोगाचा धोकाही वाढतो. दख्खनच्याच लाव्हातून आलेल्या अकीकाला पैलू पाडणाऱ्या गुजरातमधल्या खंभात गावाने ही किंमत मोजली आहे. तिथल्या कारागिरांमधल्या सिलिकोसिसचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केला आहे. तिथे मुख्य कारण कोरडी घासाई होते. म्हणून तेलाचा त्रास टाळायला दगड कोरडा कापणे, हा आगीतून फुफाट्यात जाण्याचा मार्ग आहे.

उपाय करवतीपासून सुरू होतो

पहिला उपाय झाकण. करवतीवर पूर्ण बसणारे झाकण हवे, त्याच्या कडेला तेलाने न फुगणाऱ्या रबराची पट्टी हवी आणि दगड पुढे सरकवण्याची फट जिथे असेल तिथे रबरी पडदा लावावा. चकतीचा दांडा बाहेर येतो ती जागा बहुतेकदा विसरली जाते. फिरती चकती पंख्यासारखी हवा ढकलते आणि ती हवा मिळेल त्या फटीतून धुके घेऊन बाहेर पडते. काप पूर्ण झाला की झाकण लगेच उघडू नये. मोटर बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबले, तर निदान मोठे आणि मध्यम थेंब आतच बसतात.

दुसरा उपाय तेलाची पातळी. चकती जितकी खोल बुडेल तितके ती तेल भिरकावते. कडेचा साधारण सहा ते दहा मिलिमीटर भाग बुडाला की पुरते. पातळी फार कमी ठेवली तर चकती तापते आणि वाफेचे धुके वाढते, म्हणून दोन्ही टोके टाळावीत. चकती बनवणाऱ्याने सांगितलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने ती फिरवू नये. दगडही जोराने रेटू नये, कारण बोथट झालेली चकती आणि घाईने दाबलेला दगड दोन्ही उष्णता वाढवतात.

तिसरा उपाय तेलाची निवड. पूर्वी अनेक ठिकाणी हौशी कारागीर रॉकेल किंवा डिझेल वापरत. ही तेले पातळ असल्याने लवकर बारीक होतात आणि त्यांची वाफ ३५ अंशांच्या पुढे-मागेही पेट घेऊ शकते. निफाडच्या उन्हाळ्यात दुपारचे तापमान त्याच्या वर जाते. बंद खोलीत धुके, वाफ आणि मोटरची ठिणगी हे तिन्ही एकत्र येऊ देणे म्हणजे आगीला बोलावणे. जळके इंजिन ऑइलही वर्ज्यच. चांगले शुद्ध केलेले, वास नसलेले आणि सहज पेट न घेणारे खनिज तेल, किंवा दगडकापीसाठी बनवलेले तेल घ्यावे. काही तेलांत धुके कमी करणारी रसायने मिसळलेली असतात. ती थेंबांना फार बारीक फुटू देत नाहीत. खाद्यतेल स्वयंपाकघरात असते म्हणून वापरावेसे वाटते, पण ते हवेत चिकट होते, खवट होते आणि करवतीत राळेसारखे साचते. लहान करवतींवर पाणीही चालते. मात्र पाण्याच्या तुषारातही सिलिका असतेच, त्यामुळे झाकण तिथेही लागते.

टाकीच्या तळाशी साचलेला चिखल वेळोवेळी काढावा आणि तेल गाळून घ्यावे. हा गाळ वाळू देऊ नये, कोरडा झाडू नये आणि विहिरीजवळ किंवा शेतात टाकू नये. वाळला की त्यातली सिलिका पुन्हा धूळ होऊन उडते.

एवढे करूनही थोडे धुके निसटते. ते ओढून घेण्यासाठी झाकणालाच नळी जोडून हवा बाहेर काढावी. ओढ एवढीच हवी की फटींतून हवा आत जाईल, बाहेर येणार नाही. ओढ फार वाढवली तर नळीत तेलच येते. स्वयंपाकघरातल्या चिमणीत फोडणीचे तेल पकडायला धातूची जाळी असते. तशी जाळी नळीच्या वाटेत ठेवावी आणि धुवून स्वच्छ ठेवावी. बाहेरचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको. समोर टेबलफॅन लावणे मात्र चुकीचे. तो धुके घालवत नाही, खोलीभर पसरवतो.

मास्क सर्वांत शेवटी

कोरोनाच्या काळात घराघरांत पोचलेला एन-९५ मास्क इथे पुरेसा नाही. अमेरिकी वर्गवारीत 'एन' या अक्षराचा अर्थच तेलाला न टिकणारा असा आहे. 'आर' म्हणजे काही काळ टिकणारा आणि 'पी' म्हणजे तेलाला दाद न देणारा. तेलाचे धुके असेल तिथे पी-१०० सारखे, चेहऱ्याला घट्ट बसणारे गाळणे लागते. तोंडाला रुमाल बांधून फक्त समाधान मिळते.

केलेल्या उपायांचा उपयोग झाला का, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. करवत चालू असताना खोलीत अंधार करून, सुरक्षित अंतरावरून झाकणाच्या फटींवर बाजूने विजेरीचा झोत टाकावा. धुके असेल तर प्रकाशाचा पट्टा दुधाळ दिसतो आणि गळती नेमकी कुठे आहे ते कळते. काही दिसले नाही म्हणजे हवा निर्धोक, असे मात्र समजू नये.

ही काळजी फक्त दगडापुरती नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लेथवर उडणाऱ्या कटिंग ऑइलला आणि कुलंटलाही हेच नियम लागू पडतात. असे काम करणाऱ्याला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला किंवा जिना चढताना दम लागू लागला, तर डॉक्टरांना आपण काय काम करतो हे न विचारताच सांगावे. सिलिकोसिसचे डाग छातीच्या क्ष-किरण चित्रात क्षयाच्या डागांसारखे भासू शकतात. रोग्याचे काम माहीत असेल, तरच डॉक्टर योग्य दिशेने शोध घेऊ शकतात.