जुनी मालमोटार : आधीं थांबणें, मग धांवणें

पुण्याची मंडई ज्यांनीं केवळ भाजीच्या पिशवीपुरती पाहिली, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट सहसा येत नाहीं. ती अशी, कीं अष्टकोनी मनोऱ्याच्या या इमारतीचा इतिहास हा वाहनांचाही इतिहास आहे. इ. स. १८८६ मध्यें ती लॉर्ड रे यांच्या नांवानें उघडली, तेव्हां माल येई तो बैलगाड्यांतून; पुढें तिला महात्मा फुले यांचें नांव मिळालें, आणि बैलांची जागा हळूहळू मालमोटारींनीं घेतली. घाऊक व्यापार कालांतरानें गुलटेकडीस गेला. परंतु मंडईपासून फुटणाऱ्या वाटा त्याच राहिल्या. सासवडकडे जावें तर दिवे घाट, साताऱ्याकडे जावें तर कात्रज व खंबाटकी, आणि मुंबईकडे जावें तर बोरघाट! पुण्याच्या गाडीस घाट फारसा चुकत नाहीं.

हें सांगण्याचें कारण असें. अलीकडे कांहीं सुशिक्षित घरांतील तरुणांना एक नवी हौस लागली आहे. जुनी मालमोटार विकत घ्यावी, तिच्या पाठीवर निजण्या-शिजविण्याची सोय करावी, आणि लांबच्या प्रवासास निघावें. जमल्यास शर्यतींतही उतरावें. घरांतील वडील मंडळी अशा वेळीं एक तर साफ ‘नको’ म्हणतात, नाहीं तर मुकाट्यानें पैसे मोजतात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग बरे नव्हेत. वडिलांनीं एकच प्रश्न विचारावा : “बाळ, पहिला रुपया कोठें खर्च करणार?” ‘इंजिनाचा जोर वाढविण्यावर’ असें उत्तर आल्यास हात आखडावा, ‘ब्रेकवर’ असें आल्यास खुशाल आशीर्वाद द्यावा.

जुनें तें टाकाऊ, असा मात्र आमचा आग्रह नाहीं. महाभारतांतील नलोपाख्यान वाचकांस आठवत असेल. ऋतुपर्ण राजास अयोध्येहून विदर्भांतील कुंडिनपुरास एका दिवसांत पोहोंचावयाचें होतें. बाहुकाच्या रूपांतील नलानें अश्वशाळेंत जाऊन पुनःपुन्हां पारख केली, व जे घोडे निवडले ते दिसण्यांत कृश! राजास संताप आला. पण नलानें पुष्टता पाहिली नव्हती, लक्षणें पाहिलीं होतीं. मालमोटार घेतांना हीच दृष्टि हवी. रंग नवा म्हणून गाडी चांगली नव्हे, आणि रंग उडाला म्हणून ती वाईटही नव्हे.

आपल्याकडील जुन्या मालमोटारींचीं घराणीं ठाऊक आहेत. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें डॉज व फार्गो या नांवांच्या गाड्या कुर्ल्यास तयार केल्या. टाटांनीं १९५४ पासून जमशेदपुरास जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें मालमोटारी काढल्या, व तें सहकार्य १९६९ मध्यें संपलें. या पिढीच्या गाड्यांचा मोठा गुण म्हणजे सरळपणा. भक्कम सांगाडा, पोलादी पाटे, आणि विजेच्या सूक्ष्म यंत्रणेवांचून चालणारें इंजिन! कोणत्याही गांवचा जाणता मिस्त्री पाना घेऊन ती उघडूं शकतो. दोष म्हणाल तर थांबण्याची शक्ति बेताची.

हा दोष घाटांत कसा जिवावर येतो, तें साध्या हिशेबानें पटेल. दहा टनांची गाडी तीनशें मीटर उंचीवरून खालीं उतरते, तेव्हां जी शक्ति जिरवावी लागते, तिनें सुमारें नव्वद लिटर पाणी उकळीस येईल. घरच्या बंबाशीं ताडून पाहावें! चालक नुसत्या ब्रेकवर विसंबला, तर ही बहुतेक उष्णता ड्रम व लायनर यांच्या वांट्यास येते. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटूं लागते, आणि पाय दाबूनही गाडी आवरत नाहीं. म्हणून जुन्या चालकांचा नियम सोन्यासारखा आहे : ज्या गिअरमध्यें घाट चढलों, त्याच गिअरमध्यें उतरावें. डिझेल वाचविण्याकरितां गाडी न्यूट्रलवर सोडणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय.

तेव्हां पहिला रुपया येथें. चारी बाजूंचे ड्रम उघडावे. लायनर झिजलेले अथवा ग्रीसनें माखलेले असल्यास बदलावे. ब्रेक ऑईल हवेंतील ओलावा शोषतें व मग लवकर उकळतें, म्हणून तें दोन वर्षांनीं बदलणें इष्ट. हवेचे ब्रेक असल्यास टाकींत सांचलेलें पाणी नियमानें सोडावें.

दुसरा रुपया चाकांवर व सुकाणूवर. टायरची नक्षी शाबूत असली, तरी रबर वयानें तडकतें. अलीकडच्या टायरवर चार आंकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमानें आवळावे, व पहिल्या शंभर किलोमीटरांच्या आंत पुन्हां तपासावे. किंगपिन, पाट्यांच्या पिना व सुकाणूचे सांधे यांत ढिलेपणा नसावा. सुटे भाग नाना पेठेंत आणि नट-बोल्ट, पाने बोहरी आळींत पाहावे. मंडईपासून हीं दोन्ही ठिकाणें जवळच आहेत.

तिसरा रुपया पाण्यावर व तेलावर. रेडिएटर आंतून धुवावा. रबरी नळ्या व पंख्याचा पट्टा नवे घ्यावे, आणि जुने चालण्यासारखे असल्यास सोबत बाळगावे. जुन्या टाकीचा गाळ खडबडीत रस्त्यानें ढवळून फिल्टरमध्यें अडकतो. म्हणून टाकी साफ करून एक जादा फिल्टर जवळ ठेवावा.

इतकें झाल्यावरच इंजिनाच्या जोराची गोष्ट. पंपाचा स्क्रू फिरवून जादा डिझेल सोडणें हा हौशी लोकांचा आवडता उपाय. परंतु हवा तितकीच राहिली, तर जादा तेल पुरतें जळत नाहीं. काळा धूर निघतो व इंजिन अधिक तापतें. व्हॉल्व्हचें अंतर बरोबर करणें, नॉझल तपासणें व हवेचा फिल्टर स्वच्छ ठेवणें, एवढ्यानें गेलेला जोर पुष्कळसा परत येतो.

शर्यतीविषयीं तर स्पष्टच सांगावयास हवें. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वयें गुन्हा आहे. शर्यतीस बांधीव मैदान लागतें. आपल्या देशांत २०१४ मध्यें ग्रेटर नोएडा येथील बुद्ध मैदानावर टाटांनीं मालमोटारींची शर्यत भरविली. युरोपांतील अशा शर्यतींत पांच टनांहून जड गाड्यांस ताशीं १६० किलोमीटरांची मर्यादा असते, आणि त्यांच्या ब्रेकवर पाण्याचा फवारा सोडावा लागतो. डाकार या वाळवंटी शर्यतीनें २०२१ पासून जुन्या मोटारी व मालमोटारींसाठीं वेगळा विभाग काढला. त्यांत सर्वांत वेगवान तो विजयी नव्हे, तर ठरल्या गतीनें नेमकेपणानें जाणारा विजयी. जगांतील धाडसी लोकही जुन्या गाडीकडून वेग मागत नाहींत, नियम मागतात.

प्रवासापूर्वीं एक परीक्षा अवश्य घ्यावी. योग्यतेचा दाखला हातीं असतां, जेवढें ओझें न्यावयाचें तेवढें भरून, पहाटेच्या निवांत वेळीं दिवे घाट एकदां चढून उतरावा. पायथ्याशीं थांबून प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हाताची पालथी बाजू न्यावी, पण टेकवूं नये. एक चाक इतरांहून फार तापलें असेल, तर तेथें ब्रेक घांसत आहे किंवा बेअरिंग आवळलें आहे. तें दुरुस्त करून पुन्हां घाट उतरावा. चारी चाकें सारखीं येतील, त्या दिवशीं घरांतील बायकामुलांनीं त्या गाडींत बसण्यास हरकत नाहीं, तत्पूर्वीं नाहीं.